दत्तात्रेय गोपाळ कर्वे

दत्तात्रेय गोपाळ कर्वे (इ.स. १८९८ - इ.स. १९६७) हे मराठी अर्थशास्त्रज्ञ, शिक्षक आणि प्रशासक होते. पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाचे ते पहिले प्राचार्य होत. पुढे नियोजन आयोगाच्या कार्यक्रम मूल्यमापन संघटनेचे संचालक, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि भारतीय रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर ही पदे त्यांनी भूषविली. ग्रामोद्योग व लघुउद्योगांसंबंधीची १९५५ ची समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जगभरच्या सहकारी संस्थांसाठी १९६६ मध्ये नव्याने मांडलेली सहकाराची सहा तत्त्वे ज्या आयोगाने तयार केली, त्याचेही ते अध्यक्ष होते.

अर्थशास्त्राच्या व वाणिज्याच्या विद्यार्थ्याला कर्वे हे नाव बहुधा ‘कर्वे समिती’ या दोन शब्दांतच भेटते. समितीमागचा मनुष्य मुळात महाविद्यालयीन शिक्षक होता आणि पदवीच्या अभ्यासक्रमात काय शिकवावे, कोणासाठी शिकवावे, हा त्याच्या ऐन उमेदीतील कामाचा विषय होता, ही बाब पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

== नामसाधर्म्य ==

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या कुटुंबातील अनेक व्यक्ती पुण्याच्या शिक्षणक्षेत्रात प्रसिद्ध असल्यामुळे दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांची गणना चुकीने त्यांच्या पुत्रांत केली जाते. महर्षींचे पुत्र दिनकर धोंडो कर्वे हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक. इंग्रजी आद्याक्षरे जवळजवळ सारखी आणि संस्थाही एकच, म्हणून हा घोटाळा होतो. प्रस्तुत लेख अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्याविषयी आहे.

== फर्ग्युसनमधील अध्यापन ==

कर्वे हे डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक होते. टिळक, आगरकर, चिपळूणकर आणि नामजोशी यांच्या पिढीने उभारलेल्या या सोसायटीत आजीव सदस्यांची प्रथा होती. मर्यादित वेतनावर दीर्घकाळ सेवा करण्याची बांधिलकी हे सदस्य पत्करीत आणि संस्थेचा कारभारही तेच पाहत. वर्गात शिकविणे, संस्थेसाठी निधी जमविणे, हिशेब पाहणे आणि वसतिगृहाची व्यवस्था लावणे ही सारी कामे त्यामुळे एकाच माणसाच्या वाट्याला येत. प्रशासन हा विषय या शिक्षकांनी पुस्तकातून शिकण्याआधी हातांनी शिकलेला असे.

पुण्यात अर्थशास्त्राच्या अध्यापनाला तोवर एक परंपरा लाभली होती. न्यायमूर्ती रानडे यांनी भारतीय अर्थशास्त्राचा स्वतंत्र विचार मांडला होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी फर्ग्युसनमध्ये अध्यापन केले होते. वामन गोविंद काळे यांनी त्याच महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले व भारतीय अर्थशास्त्रावर पाठ्यग्रंथ लिहिला. १९३० मध्ये गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक झाले. १९३५ मध्ये बँक ऑफ महाराष्ट्रची स्थापना पुण्यातच झाली व तिच्या संस्थापकांत प्राध्यापक काळे होते. म्हणजे वर्गातील अर्थशास्त्र आणि बाजारातील पेढी यांच्यामध्ये ये-जा सुरू झाली होती. कर्वे या वातावरणात घडले.

== वाणिज्य शिक्षणाची पार्श्वभूमी ==

व्यापार हा विद्यापीठात शिकविण्याजोगा विषय आहे काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंड-अमेरिकेतही पुरता सुटलेला नव्हता. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात १८८१ मध्ये व्हार्टन यांच्या देणगीतून असे शिक्षण सुरू झाले. इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठाने शतकाच्या सुरुवातीस वाणिज्य विद्याशाखा उघडली आणि तिची सूत्रे विल्यम ॲशली या आर्थिक इतिहासकाराकडे दिली. हिशेबनिसाकडे न देता इतिहासकाराकडे ती दिली गेली, यातच अभ्यासक्रमाचा मूळ पेच दिसतो. हिशेबलेखन, कायदा, पत्रव्यवहार अशा कसबांचा भाग किती ठेवावा आणि अर्थशास्त्र, इतिहास, भूगोल अशा विचारप्रधान विषयांना किती वाव द्यावा, हे प्रमाण ठरविणे अवघड होते. हार्वर्डने १९०८ मध्ये व्यवसाय प्रशासनाचे शिक्षण पदव्युत्तर पातळीवर नेऊन यावर वेगळा तोडगा काढला.

भारतात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयाची स्थापना १९१३ मध्ये झाली. त्याच्या प्रारंभीच्या घडणीत के. एस. अय्यर या हिशेबतज्ज्ञांचा आणि पर्सी ॲन्स्टे या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचा वाटा होता. म्हणजे पेचाच्या दोन्ही बाजू येथेही हजर होत्या. त्यानंतर बराच काळ मुंबई इलाख्यात वाणिज्याची पदवी म्हणजे सिडनहॅम असेच समीकरण राहिले. अहमदाबादेत १९३६ मध्ये, विदर्भात वर्धा येथे १९४० मध्ये आणि मुंबईत माटुंग्याला १९४१ मध्ये नवी वाणिज्य महाविद्यालये निघाली. पुण्यासारख्या विद्यानगरीत मात्र कला, विज्ञान, कायदा, अभियांत्रिकी, शेतकी हे सारे होते आणि वाणिज्य नव्हते.

याला एक सामाजिक कारणही आहे. शिकलेल्या मराठी माणसाची धाव सरकारी नोकरी, वकिली आणि शिक्षकी पेशाकडे होती. मोठा व्यापार आणि सराफी प्रामुख्याने गुजराती, मारवाडी, पारशी, भाटिया समाजांच्या हाती होती. किर्लोस्कर, ओगले, वालचंद अशी उद्योगाची उदाहरणे होती, पण ती उदाहरणेच राहिली होती. व्यापारी घरातील मुलगा पेढीवर बसून रोजमेळ आणि खतावणी शिके. ज्याच्या घरी पेढी नाही त्याने हे कोठे शिकावे, याला पुण्यात, आणि त्याहून अधिक सातारा, सोलापूर, अहमदनगर, नाशिक या जिल्ह्यांत, उत्तर नव्हते. वाणिज्याची पदवी हवी असेल तर मुंबईस जाऊन राहणे भाग होते आणि तो खर्च सर्वांना झेपणारा नव्हता.

== बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय ==

१९४३ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने पुण्यात वाणिज्य महाविद्यालय सुरू केले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट या साखर कंपनीची देणगी त्यासाठी मिळाली व तिचेच नाव महाविद्यालयास देण्यात आले. ‘बृहन्महाराष्ट्र’ हा शब्द येथे महाराष्ट्राबाहेरील मराठी मुलुखाचा वाचक आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो एका मराठी उद्योगाच्या नावातून आला आहे. भागभांडवल जमवून कारखाना उभारण्याची खटपट मराठी मंडळींनी केली आणि तिच्यातून पुढे तशीच खटपट शिकविणारे महाविद्यालय निघाले, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे. महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य म्हणून कर्वे यांची नेमणूक झाली.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. शिधावाटप, किंमतनियंत्रण, परवाने, प्राप्तिकर, युद्धसाहित्याचे ठेके यांमुळे हिशेब आणि कायदा जाणणाऱ्या माणसांची गरज सरकारी कचेऱ्यांत आणि खाजगी पेढ्यांत सारखीच वाढली होती. विद्यार्थ्यांचा ओघ येणार हे उघड होते. अवघड होते ते त्यांना काय आणि कोणाकडून शिकवायचे हे.

संलग्न महाविद्यालयाला स्वतःचा अभ्यासक्रम आखण्याची मुभा नव्हती. पुणे विद्यापीठ तेव्हा अस्तित्वात नव्हते. महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते आणि प्रश्नपत्रिका, विषय, गुण हे सारे तेथे ठरत असे. मॅट्रिकनंतर चार वर्षांचा पदवीचा मार्ग होता. त्यात अर्थशास्त्र, हिशेबशास्त्र, व्यापारी कायदा, बँकव्यवहार, व्यापारसंघटन, संख्याशास्त्र, आर्थिक भूगोल आणि इंग्रजी अशा विषयांची चौकट असे. कायद्याच्या तासाला १८७२ चा करार कायदा, १८८१ चा चलनक्षम दस्तऐवज कायदा, १९१३ चा कंपनी कायदा, १९३० चा मालविक्री कायदा आणि १९३२ चा भागीदारी कायदा हे अटळ होते. बँकव्यवहाराच्या तासाला रिझर्व्ह बँक हा ताजा विषय होता. ती १९३५ मध्ये सुरू झालेली. शिकविण्याचे माध्यम इंग्रजी.

आज खारघर-पनवेल परिसरातील एखाद्या महाविद्यालयात वाणिज्याच्या किंवा व्यवसाय प्रशासनाच्या पदवीला बसणारा विद्यार्थी प्रत्येक सत्राला कोणते विषय घ्यावेत, श्रेयांक कसे जुळवावेत, याचा तक्ता मांडतो. १९४३ च्या विद्यार्थ्यापुढे असा तक्ता नव्हता, निवडीला जागा फार थोडी होती. निवड होती ती प्राचार्यापुढे, आणि तीही विषयांची नव्हे. ठरलेल्या विषयांना किती तास द्यायचे, कोणता विषय कोणत्या वर्षी पक्का करायचा, शिक्षक कोठून आणायचे हे त्याला ठरवावे लागे. अर्थशास्त्र व इंग्रजी यांचे शिक्षक सोसायटीच्या घरातच होते. हिशेबतपासनीस आणि वकील मात्र व्यवसाय सोडून पूर्णवेळ शिक्षक होण्यास क्वचितच तयार होत, म्हणून वाणिज्य महाविद्यालयांचे वेळापत्रक त्यांच्या कचेरीच्या वेळा सांभाळून आखावे लागे. सकाळी लवकर भरणारे वाणिज्याचे वर्ग ही पुण्या-मुंबईची परिचित गोष्ट या गरजेतून रूढ झाली.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने खरी अडचण निराळी होती. खेड्यातून किंवा तालुक्याच्या गावातून आलेला मुलगा जमा-नावे ही संकल्पना घरी ऐकून येत नसे. ज्याने पेढी पाहिली नाही त्याला ताळेबंद ही केवळ आकड्यांची मांडणी वाटते. एका बाजूची बेरीज दुसऱ्या बाजूएवढी आली की काम झाले असे तो समजतो. ताळेबंदातून धंद्याची प्रकृती वाचता येते हे कळण्यासाठी बाजार, पीक, भाव, व्याज यांची ओळख लागते आणि ती हिशेबशास्त्राच्या तासाला होत नाही. वाणिज्य महाविद्यालयाची सूत्रे अर्थशास्त्राच्या शिक्षकाकडे देण्यातला अर्थ या ठिकाणी स्पष्ट होतो. कर्वे यांनी दारिद्र्य व लोकसंख्या, संघराज्यपद्धती, रानड्यांचे विचार अशा विषयांवर ग्रंथ लिहिलेले होते. त्यांच्या पूर्वतयारीत कारकुनी कसबाला फारसे स्थान नव्हते. अशा प्राचार्याच्या हाताखाली वाणिज्य हा विषय समाजाच्या आर्थिक जीवनापासून तुटण्याची भीती कमी होती. उलट टोकाची भीती, म्हणजे पदवीधराला अर्थशास्त्र येते पण खतावणी लिहिता येत नाही, ही मात्र वाणिज्य शिक्षणावरची कायमची टीका राहिली व आजही ती ऐकू येते.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले, बॅरिस्टर मु. रा. जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. मुंबई विद्यापीठाच्या छत्राखालची पुण्यातील महाविद्यालये नव्या विद्यापीठाकडे आली आणि अभ्यासक्रम ठरविण्याचे केंद्र मुंबईहून पुण्यास आले. त्याच वर्षी सनदी लेखापालांचा कायदा झाल्याने हिशेबतपासणीच्या व्यवसायाला देशात स्वतंत्र संस्था व परीक्षा मिळाली. यामुळे पदवीची परीक्षा आणि व्यवसायाची परीक्षा यांच्या वाटा स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. सर्व कसब पदवीतच बसविण्याचे ओझे त्यामुळे काहीसे उतरले.

याच सुमारास, १९५० मध्ये, कर्वे यांनी गोखले संस्थेच्या काळे स्मृतिव्याख्यानासाठी लोकशाहीतील लोकप्रशासन हा विषय घेतला. स्वतंत्र देशाचा कारभार आता आपल्याच शिकलेल्या मुलांनी चालवायचा होता, ही त्या विषयनिवडीमागची पार्श्वभूमी. स्वतः कर्वेही लवकरच त्या कारभारात ओढले गेले.

== कार्यक्रम मूल्यमापन संघटना ==

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समुदाय विकास प्रकल्प सुरू झाले. त्यांचे काम प्रत्यक्ष कसे चालले आहे हे तपासण्यासाठी त्याच महिन्यात नियोजन आयोगात कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन झाली व कर्वे तिचे पहिले संचालक झाले. प्रकल्प राबविणारे प्रशासन वेगळे आणि त्याची तपासणी करणारी संघटना वेगळी, ही रचना त्या काळात नवी होती. हिशेब लिहिणाऱ्यानेच हिशेब तपासू नये, हा वाणिज्याच्या पहिल्या धड्यातील नियम येथे सरकारी योजनेला लागू झाला, असे म्हणता येईल. विहिरी किती खोदल्या, रस्ते किती झाले ही मोजदाद करण्यावर संघटना थांबली नाही. योजनेचा लाभ गावातील कोणत्या थरापर्यंत पोहोचला हेही तिने पाहिले, आणि सधन शेतकऱ्यांना तो अधिक मिळतो असे अप्रिय निष्कर्षही पुढे आले.

== कर्वे समिती (१९५५) ==

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची तयारी चालू असताना जून १९५५ मध्ये नियोजन आयोगाने ग्रामोद्योग व लघुउद्योगांसाठी समिती नेमली. कर्वे तिचे अध्यक्ष होते आणि अहवाल त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सादर झाला. चार महिन्यांत एवढे काम उरकले यावरून निकड लक्षात येते. योजनेचा भर पोलाद, यंत्रे, वीज अशा अवजड उद्योगांवर राहणार होता. त्यांत गुंतवणूक मोठी आणि रोजगार थोडा. मग वाढत्या लोकसंख्येला काम कोठून द्यायचे आणि मजुरीतून हाती आलेल्या पैशाला कापड, तेल, चपला, भांडी हा माल कोठून पुरवायचा? यांपैकी जास्तीत जास्त माल गावांतील व लहान कारखान्यांतून काढावा, असे उत्तर समितीने दिले.

समितीपुढे तीन उद्दिष्टे होती. पारंपरिक धंद्यांत यंत्रांमुळे नवी बेकारी निर्माण होऊ नये. योजनाकाळात या धंद्यांतून शक्य तेवढा अधिक रोजगार मिळावा. आणि विकेंद्रित समाजरचनेचा पाया घातला जावा. त्यासाठी मोठ्या व लहान उद्योगांचा एकत्रित उत्पादन कार्यक्रम आखावा, काही क्षेत्रांत मोठ्या उद्योगाच्या वाढीला मर्यादा घालावी, लहान उत्पादकाला अर्थसाह्य द्यावे आणि त्याची सहकारी संघटना उभारावी, असे उपाय सुचविले गेले. समितीने सुमारे २६० कोटी रुपयांचा खर्च मांडला. प्रत्यक्ष योजनेत २०० कोटींची तरतूद झाली.

येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. समितीचे म्हणणे केवळ हातमाग आणि चरखा राखून ठेवावा असे नव्हते. पारंपरिक तंत्रात हळूहळू सुधारणा व्हावी, सुधारलेले तंत्र गावात पोहोचावे आणि रुंद पायाच्या मनोऱ्यासारखी उद्योगरचना उभी राहावी, असा तिचा आराखडा होता. संरक्षण ही सुधारणेसाठी मिळालेली उसंत होती. पुढील धोरणात उसंत राहिली आणि सुधारणा मागे पडली. १९६७ मध्ये ४७ वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी कायम राखीव झाले. ही यादी वाढत वाढत आठशेच्या वर गेली. आपला कारखाना वाढला तर सवलत जाईल, म्हणून उद्योजकांनी एका कारखान्याचे चार लहान कारखाने करावेत, असे प्रकार घडू लागले. उदारीकरणानंतर यादी आटत गेली व २०१५ मध्ये उरलेल्या २० वस्तूही वगळण्यात आल्या. खारघरच्या शेजारील तळोजा औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी लहान आणि मोठे कारखाने एकमेकांना माल पुरवीत उभे असलेले दिसतात. कर्व्यांच्या अहवालात मोठ्या व लहान उद्योगांची सांगड घालण्याची जी कल्पना होती, तिला हे चित्र राखीव यादीपेक्षा अधिक जवळचे आहे.

समितीवर टीकाही झाली. मुंबई विद्यापीठाचे चं. न. वकील व पी. आर. ब्रह्मानंद यांनी दुसऱ्या योजनेच्या एकूण व्यूहाविरुद्ध, मजुरांना लागणाऱ्या वस्तूंच्या उत्पादनालाच अग्रक्रम हवा असा युक्तिवाद केला. पी. एन. धर आणि हॅरल्ड लिडॉल यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले की लहान कारखाना म्हणजे कमी भांडवलात अधिक रोजगार हे गृहीत नेहमी खरे ठरत नाही. काही धंद्यांत उत्पादनाच्या मानाने लहान कारखान्यालाच अधिक भांडवल लागते. हा आक्षेप वजनदार होता आणि समितीजवळ चार महिन्यांच्या अवधीत तो तपासण्याइतकी आकडेवारी नव्हती.

== कुलगुरुपद आणि रिझर्व्ह बँक ==

रँग्लर र. पु. परांजपे यांच्यानंतर १९५९ मध्ये कर्वे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६१ पर्यंत ते या पदावर होते. त्यांच्यानंतर दत्तो वामन पोतदार आले. मार्च १९६२ ते फेब्रुवारी १९६४ या काळात ते रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर होते. बँकेतील हा काळ ग्रामीण पतपुरवठ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने १९५१-५२ मध्ये शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के असल्याचे दाखविले होते. त्यावर उपाय म्हणून सरकारने सहकारी संस्थांत भागीदार व्हावे अशी शिफारस झाली आणि ती अमलात येत होती. जुलै १९६३ मध्ये शेतीला दीर्घ मुदतीचे भांडवल मिळावे यासाठी कृषी पुनर्वित्त महामंडळ स्थापन झाले.

== सहकाराची तत्त्वे ==

कर्वे यांचे सर्वांत दूरवर पोहोचलेले कार्य हेच, तरी महाराष्ट्रात त्याची माहिती फार थोड्यांना असते.

इंग्लंडातील रॉचडेल येथे १८४४ मध्ये विणकरांनी व इतर कारागिरांनी काढलेल्या दुकानाच्या नियमांवर जगातील सहकारी चळवळ उभी राहिली. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९३७ मध्ये या नियमांना तत्त्वांचे रूप दिले. खुले सदस्यत्व, लोकशाही नियंत्रण, खरेदीच्या प्रमाणात परतावा आणि भांडवलावर मर्यादित व्याज ही मुख्य तत्त्वे. राजकीय व धार्मिक तटस्थता, रोखीचा व्यवहार आणि शिक्षणाचा प्रसार ही त्यांना जोडून. ही यादी दुकानाला साजेशी होती. परंतु शेतकऱ्याला पेरणीसाठी कर्ज देणारी पतसंस्था रोखीने कशी चालणार? नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत सरकारी साह्याशिवाय संस्था उभ्याच राहत नव्हत्या. समाजवादी देशांत तटस्थतेचा अर्थ वेगळा होता. १९६३ च्या बोर्नमथ अधिवेशनात या तत्त्वांची फेरतपासणी करण्याचे ठरले आणि नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद कर्वे यांच्याकडे आले. इतर सदस्य ब्रिटन, अमेरिका, पश्चिम जर्मनी आणि सोव्हिएत संघ या देशांचे होते. शीतयुद्धाच्या ऐन भरात या चौघांना एका मेजाभोवती बसवून एका मसुद्यावर आणणे हे काम सोपे नव्हते. अलिप्त देशातील, व्यापाराइतकाच शेतीचाही विचार केलेला अध्यक्ष त्यासाठी सोयीचा ठरला असावा.

सप्टेंबर १९६६ मध्ये व्हिएन्नाच्या अधिवेशनात आयोगाची सहा तत्त्वे स्वीकारली गेली. ऐच्छिक व खुले सदस्यत्व, लोकशाही कारभार, भांडवलावर मर्यादित व्याज, शिलकीची न्याय्य वाटणी, सहकार शिक्षण आणि सहकारी संस्थांमधील परस्पर सहकार्य ही ती तत्त्वे होत. रोखीच्या व्यवहाराचे तत्त्व गळाले. तटस्थता स्वतंत्र तत्त्व म्हणून उरली नाही. संस्थांमधील सहकार्य हे तत्त्व नव्याने आले; गावची सोसायटी, जिल्हा बँक आणि राज्य बँक अशी साखळी असलेल्या महाराष्ट्राला ते लगेच समजण्याजोगे होते. आणि शिक्षण, जे पूर्वी जोडतत्त्व होते, ते मुख्य तत्त्वांच्या पंगतीत आले. सदस्य, पदाधिकारी, नोकर आणि सामान्य जनता या सर्वांच्या शिक्षणाची तरतूद करणे हे संस्थेच्या कर्तव्यांत मोडू लागले.

या शेवटच्या तत्त्वात कर्वे यांच्या जुन्या कामाचा धागा दिसतो. वाणिज्य महाविद्यालयाच्या वर्गात मूठभर मुले येतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत गाव येते. ताळेबंद वाचता येणारा सभासद नसेल तर लोकशाही कारभाराचे तत्त्व हात वर करण्यापुरते राहते. महाराष्ट्राच्या सहकारी साखर कारखान्यांचा व जिल्हा बँकांचा पुढील इतिहास पाहता, सहा तत्त्वांपैकी याच तत्त्वाची सर्वांत अधिक हेळसांड झाली असे म्हणावे लागते. शिक्षण निधीची रक्कम नियमाने बाजूला पडत राहिली, तरी सभासदाच्या हातात अहवाल पडल्यावर तो कोणते पान उघडतो हा प्रश्न शिल्लक राहिला.

आयोगाच्या मांडणीत एक उणीवही होती. सहकारी संस्थांची स्वायत्तता हे तिच्यात स्वतंत्र तत्त्व नव्हते. सरकारी भागभांडवल आणि सरकारी निबंधक यांच्या आधाराने वाढलेल्या भारतीय सहकाराला हे मौन सोयीचे झाले. १९९५ मध्ये मँचेस्टर येथे संघाने तत्त्वे पुन्हा मांडली, तेव्हा स्वायत्तता व स्वातंत्र्य आणि समाजाविषयी आस्था ही दोन तत्त्वे समाविष्ट करून ती सात करण्यात आली. भांडवलावरील व्याज आणि शिलकीची वाटणी यांचा आशय त्या वेळी एकाच तत्त्वात गुंफला गेला. शिक्षणाचे तत्त्व पाचव्या क्रमांकावर कायम राहिले.

== लेखन ==

कर्वे यांनी इंग्रजीत ग्रंथलेखन केले. ‘पॉव्हर्टी अँड पॉप्युलेशन इन इंडिया’ हा ग्रंथ १९३६ मध्ये आणि ‘रानडे: द प्रॉफेट ऑफ लिबरेटेड इंडिया’ हा रानड्यांवरील ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. संघराज्यपद्धतीच्या तौलनिक अभ्यासावरही त्यांचे पुस्तक आहे. रानड्यांवरील पुस्तक छोडो भारत आंदोलनाच्या वर्षी निघाले. मवाळ ठरवून बाजूला टाकलेल्या विचारवंताला स्वतंत्र भारताचा द्रष्टा म्हणणे त्या वर्षी लोकप्रिय नव्हते. तरीही ग्रंथाच्या नावातच लेखकाने आपली बाजू स्पष्ट केली होती. उत्तरायुष्यात त्यांनी द. वि. आंबेकर यांच्यासह गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भाषण-लेखनाच्या संकलनाचे संपादन केले. गोखल्यांची जन्मशताब्दी १९६६ मध्ये होती आणि व्हिएन्नाचे अधिवेशनही त्याच वर्षी भरले. त्यानंतर वर्षभरातच, १९६७ मध्ये, कर्वे यांचे निधन झाले.